भावाला एसएस आहे, मग माझं काय?

पत्र :

ताई, मी २५ वर्षांची, नागपुरात नारी रोडला राहते. माझ्या धाकट्या भावाला सिकलसेल हा रक्ताचा आजार आहे, एसएस पॅटर्न. तो १९ वर्षांचा. मला आजवर काहीच त्रास नाही. कॉलेजात असताना एका शिबिरात बोटातून रक्त घेतलं होतं, पण रिपोर्ट काही हातात आला नाही. आता कामठीच्या एका मुलाचं स्थळ आलंय, दोन्ही घरांत पसंती आहे. बोलता बोलता त्यानेच सांगितलं की त्याचा सख्खा मामा सिकलसेलने तरुणपणीच गेला. त्याच्या आईची किंवा त्याची तपासणी कधी झालेली नाही. ‘मामाचा आजार भाच्याकडे कसा येईल, त्यांचं घराणंच वेगळं,’ असं तो म्हणतो. माझी मोठी आई म्हणते, ‘एकाले झालं नं बाई, आता बाकीच्याइले काही होत नाही.’ बारावीच्या पुस्तकाप्रमाणे मी वाहक असण्याची शक्यता निम्मी येते, नर्सिंग करणारी मैत्रीण दोन तृतीयांश म्हणते. कोण बरोबर? आमच्या बाळाला आजार होण्याची शक्यता किती? आई म्हणते, लग्न होईपर्यंत त्या घरी भावाबद्दल बोलू नको. भाऊ हे सगळं ऐकत असतो.
– एक मोठी बहीण

उत्तर :

तुझी मैत्रीण बरोबर आहे. २/३. ते कसं, हे आधी बघू. या आकड्याचं करायचं काय, यावरचं माझं मत नंतर सांगते. तुझ्या आईला ते फारसं आवडणार नाही.

हिमोग्लोबिनच्या बीटा साखळीचं जनुक ११ क्रमांकाच्या गुणसूत्रावर असतं. प्रत्येकाकडे त्याच्या दोन प्रती, एक आईकडून आलेली, एक वडिलांकडून. सिकलसेलमध्ये या जनुकात फक्त एका अक्षराचा बदल झालेला असतो. त्यामुळे साखळीत सहाव्या जागी ग्लुटामिक आम्लाऐवजी व्हॅलिन येऊन बसतं. विळ्यासारख्या वाकणाऱ्या पेशी, त्यांनी अडणारा रक्तप्रवाह, तुझ्या भावाची हाडं ठणकतात ते दिवस, सगळं त्या एका अदलाबदलीतून निघतं. दोन्ही प्रती बदललेल्या असल्या की एसएस. एक बदललेली आणि एक चांगली असली की एएस. पुस्तकात याला विषमयुग्मी म्हणतात आणि दवाखान्यात वाहक. दोन्ही चांगल्या असल्या की एए.

भाऊ एसएस आहे, म्हणजे आईकडूनही एक एस आला आणि बाबांकडूनही. दोघं स्वतः ठणठणीत आहेत, म्हणून दोघंही एएस. आता त्यांच्या पोटी येणाऱ्या कुठल्याही बाळाचे चार सारखेच संभवनीय प्रकार मांड : दोघांकडून ए, आईकडून ए आणि बाबांकडून एस, आईकडून एस आणि बाबांकडून ए, दोघांकडून एस. चारांपैकी दोन प्रकारांत बाळ वाहक. हे तुझ्या पुस्तकातलं निम्मं. पण ते न जन्मलेल्या बाळाबद्दलचं उत्तर आहे. तू जन्मून २५ वर्षं झाली आणि तू एसएस नाहीस असं आपण धरतोय, म्हणजे चौथा प्रकार तुझ्यापुरता बाद. उरले तीन, त्यातले दोन वाहकाचे. म्हणून २/३. बारावीच्या परीक्षेत हमखास गुण जातात ते इथेच, आणि पोरांना ते पटायला वेळ लागतो, कारण ‘आईबाप तेच, मग आकडा बदलला कसा’ असं वाटतं. आईबाप तेच आहेत. तुझ्याबद्दल आपल्याला एक गोष्ट जास्त माहीत आहे, एवढाच फरक.

इथे एक खुट्टा मारून ठेवते. ‘त्रास नाही म्हणून एसएस नाही’ हे आपल्याकडे छातीठोकपणे म्हणता येत नाही. भारतात आढळणाऱ्या सिकलसेलमध्ये बऱ्याच जणांच्या रक्तात गर्भावस्थेतलं हिमोग्लोबिन मोठेपणीही बऱ्यापैकी टिकून राहतं आणि त्यामुळे आजार सौम्य राहू शकतो. (विदर्भात तो सौम्यच असतो असं मात्र समजू नकोस, तुझ्या भावाकडे पाहून ते तुला सांगायला नकोच.) काही बायकांना आपण एसएस आहोत हे पहिल्या बाळंतपणात कळतं. तुझ्या बाबतीत तशी शक्यता कमी आहे, पण कमी म्हणजे शून्य नाही.

आता मुलाकडे वळू. मामा एसएस होता, म्हणजे आजी-आजोबा दोघंही वाहक असणार. त्यांची मुलगी, म्हणजे मुलाची आई, धडधाकट आहे. ती अगदी तुझ्याच जागी उभी आहे : सख्खा भाऊ एसएस, स्वतः बरी. तिचंही २/३. ती वाहक असेल तर तिचा एस मुलाकडे येण्याची शक्यता निम्मी. २/३ गुणिले १/२ म्हणजे १/३. मुलगा वाहक असण्याची शक्यता तीनात एक.

बाळ एसएस व्हायला तीन गोष्टी एकदम जुळाव्या लागतात : तू वाहक, तो वाहक, आणि दोघांकडून नेमका एसच बाळाकडे जाणं. २/३ × १/३ × १/४. उत्तर १/१८, म्हणजे शंभरात साधारण साडेपाच. तू विचारलेला आकडा हा.

पण तो काढताना मी मुलाच्या वडिलांना गुपचूप एए धरलं. का धरलं? त्यांच्याबद्दल तू काही लिहिलं नाहीस म्हणून. पाठ्यपुस्तकात हे चालतं, कारण तिथे ‘बाहेरून आलेली व्यक्ती’ नेहमी निर्दोष असते. विदर्भात चालत नाही. इथल्या कित्येक समाजांत वाहक इतके आहेत की सोयरीक करून आलेला माणूसही वाहक निघू शकतो. समजा, त्यांच्या समाजात पाचात एक वाहक आहे असं उदाहरणादाखल धरलं, तर मुलगा वाहक असण्याची शक्यता ३३ टक्क्यांवरून ३८ टक्क्यांच्या आसपास जाते. फार नाही, पण एका गृहीतकाने आकडा कसा हलतो ते दिसलं ना? आणि सोयरीक नात्यातलीच असेल, मामेबहीण-आतेभाऊ वगैरे, तर हिशोब याहून बिघडतो, कारण एकाच पणजोबांचा एस दोन्ही बाजूंनी फिरून येऊ शकतो. तुमचं नातं नाही, म्हणून ते सोडून देते.

मुलाला सांग, मामाचा आजार भाच्याकडे येत नाही हे खरंच. येतो तो आजोबांचा किंवा आजीचा एस, आईमार्फत. ११ क्रमांकाचं गुणसूत्र आडनाव बघत नाही, मुलगा-मुलगी बघत नाही. ‘आमच्या घराण्यात नाही’ हे वाक्य बहुतेक वेळा फक्त वडिलांच्या बाजूबद्दल असतं. आईचं माहेर कुणी मोजतच नाही.

मोठ्या आईचा समज मी नागपुरात इतक्या घरांत ऐकलाय की त्यावर जरा थांबते. ‘चारात एक’ ऐकलं की माणसं चार लेकरं रांगेत उभी करतात आणि एक आजारी निघालं की बाकी तिघांना सोडवून घेतात. तसं नसतं. डब्यात चार चिठ्ठ्या आहेत, एक काढली, वाचली, आणि परत डब्यात टाकली. पुढच्या वेळी पुन्हा चारच. प्रत्येक गरोदरपणात शक्यता नव्याने १/४. खरं तर दोघं वाहक असलेल्या आणि चार मुलं असलेल्या घरांत नेमकं एकच मूल एसएस निघण्याची शक्यता ४२ टक्केच आहे. एकही न निघण्याची ३२ टक्के. उरलेल्या २६ टक्के घरांत दोन, तीन किंवा चारही. ज्या घरात एकही निघालं नाही ते म्हणतात ‘आमच्यात नाहीच’, ज्या घरात दोन निघाली त्यांना लोक काहीबाही बोलतात, आणि दोन्ही घरांतल्या आईबापांचं रक्त मात्र सारखंच असतं.

आता माझं मत. हा १/१८ तुला आकडा म्हणून द्यायला मला हरकत नव्हती, पण त्यावर लग्नाचा निर्णय घेऊ नकोस. तो तुमच्या रक्ताबद्दल नाही, आपल्याला काय माहीत नाही त्याबद्दल आहे. तू आत्ता, हे वाचताना, एकतर वाहक आहेस किंवा नाहीस. दोन तृतीयांश वाहक कुणी नसतं. एका तपासणीने तुझे २/३ एकतर शून्य होतील किंवा एक, त्याचे १/३ तसेच, आणि मग, तू एसएस नाहीस हे धरून, बाळाचा आकडा एकतर शून्य असेल किंवा सरळ १/४. मधलं काही नाही. सिकलसेलची तपासणी मोफत होणाऱ्या गावात बसून अपूर्णांकांवर रात्री जागवणं मला पटत नाही.

तपासणी कुठली, हे नीट ऐक, कारण इथेच घोळ होतो. शिबिरात बोटातून रक्त घेऊन करतात ती बहुधा सोल्युबिलिटी चाचणी. द्रावण गढूळ झालं की रक्तात एस आहे, एवढंच ती सांगते. एएस की एसएस हे सांगत नाही. आणि ती निगेटिव्ह आली म्हणजे सुटलो असंही नाही, कारण तिला बीटा थॅलेसेमिया, म्हणजे बीटा साखळीच कमी बनण्याचा आनुवंशिक विकार, दिसत नाही. एकाकडे एस आणि दुसऱ्याकडे बीटा थॅलेसेमियाचं जनुक असेल, तर बाळाला दोन्ही एकदम मिळून सिकल-बीटा थॅलेसेमिया होऊ शकतो, आणि तो कधी कधी एसएसइतकाच त्रास देतो. तुझ्या शेजारी जरीपटका आहे. सिंधी समाजात थॅलेसेमियाचे वाहक जास्त असतात हे तिथल्या घराघरांत माहीत आहे. पण तो काही एकाच समाजापुरता नाही. हिमोग्लोबिन डी हाही एक प्रकार एसबरोबर जमला की त्रास देतो. म्हणून दोघांनीही एचपीएलसी नावाची तपासणी करा. हाताच्या शिरेतून रक्त घेतात, आणि कुठलं हिमोग्लोबिन किती टक्के ते कागदावर येतं. एएस माणसात एपेक्षा एस कमीच असतो. उलटं दिसलं, म्हणजे एस जास्त आणि ए कमी, तर डॉक्टर थॅलेसेमियाची शंका घेतात. एटू नावाचा घटक साडेतीन टक्क्यांच्या वर असला तरी तेच. अंगात लोह खूप कमी असेल तर हा एटू खोटा कमी दिसू शकतो, म्हणून सोबत सीबीसीही, म्हणजे रक्तपेशींची मोजणी, असू दे.

मेडिकल, मेयो, डागा, एम्स, यांपैकी कुठल्याही सरकारी रुग्णालयात जा. मिहानपर्यंतचा एम्सचा फेरा नको असेल तर तुम्हाला मेयो जवळ. जाताना भावाचा जुना रिपोर्ट घेऊन जा, आणि आई-बाबांची तपासणी कधीच झाली नसेल तर त्यांनाही घेऊन जा. कारण असं की एसएस आणि सिकल-बीटा थॅलेसेमियाचा एक प्रकार कागदावर जवळजवळ सारखे दिसतात. भावाला प्रत्यक्षात दुसरा असेल, तर तुझ्या आई-बाबांपैकी एकच एएस. दुसरं थॅलेसेमियाचं वाहक. गंमत अशी की तेव्हाही तू कशाची तरी वाहक असण्याची शक्यता २/३च येते. फक्त कशाची, ते बदलतं, आणि थॅलेसेमियाची असशील तर शिबिरातल्या चाचणीत ते निसटलं असतं. भावाला रक्त चढवलं असेल तर त्याची तपासणी त्यानंतर तीनेक महिन्यांनी करायची, नाहीतर रिपोर्टमध्ये रक्तदात्याचं हिमोग्लोबिन दिसतं.

तू एएस निघालीस तर? तू आत्ता आहेस तशीच निरोगी राहशील. एएस हा आजार नाही, त्यावर गोळी नाही, पथ्य नाही. नागपूरच्या मे महिन्यात पाणी भरपूर प्यायचं, ते तर सगळ्यांनीच. उलट, आपल्याकडे एस एवढा टिकला तो वाहकांमुळेच. १९५४ साली ॲलिसन या संशोधकांनी पूर्व आफ्रिकेत दाखवलं की फाल्सिपेरम हिवतापाविरुद्ध एएस माणसाला संरक्षण मिळतं. जिथे हिवताप लेकरं नेत होता तिथे एए मुलं हिवतापाने जात, एसएस मुलं सिकलसेलने, आणि एएस मुलं वाचून मोठी होत, त्यांचं लग्न होई, एस पुढे जाई. गडचिरोली-चंद्रपूरच्या जंगलपट्ट्यातला हिवताप आठव, म्हणजे आपल्या रक्तात हे कुठून साठलं ते कळेल. तुझ्या आई-बाबांनी काही पाप केलं म्हणून हे आलेलं नाही. तुझी आई ते ओझं वाहते आहे असं मला पत्रातल्या त्या एका ओळीवरून वाटलं, म्हणून लिहिलं.

त्या ओळीबद्दल. ‘लग्न होईपर्यंत बोलू नको.’ आईची भीती मला समजते. स्थळं परत गेलेली तिने पाहिली असतील. पण त्या मुलाने तुला मामाचं सांगितलं, विचारलं नसताना सांगितलं. त्याने पहिलं पाऊल टाकलंय आणि तू गप्प आहेस. लग्नानंतर कळलं तर भांडण सिकलसेलवरून होणार नाही, लपवण्यावरून होईल, आणि त्यात तुझी बाजू लंगडी असेल. त्याला या आठवड्यात सांग. घरच्यांच्या बैठकीत नको, दोघंच असताना. आणि सांगताना सोबत एक प्रस्ताव ठेव : ‘आपण दोघंही एकाच दिवशी रक्त देऊ.’ आधी मुलीने तपासावं, ती एए निघाली तर मुलाला कशाला त्रास, हा हिशोब मला मान्य नाही. वैद्यकीयदृष्ट्या एकाने तपासून भागतं हे खरं आहे, पण त्या ‘एकाची’ जागा नेहमी मुलीकडेच येते.

दोघांपैकी एक जरी एए निघाला, आणि त्याच्यात थॅलेसेमिया, डी वगैरे काही नसलं, तर या आजाराबाबत विषय संपला. बाळ फार तर वाहक होईल.

दोघंही एएस निघालात तर लग्न मोडायलाच हवं असं मी म्हणणार नाही, आणि करायलाच हवं असंही नाही. समोर काय काय असेल तेवढं सांगते. प्रत्येक गरोदरपणात बाळ एसएस असण्याची शक्यता १/४. तिसऱ्या महिन्यात वारेचा बारीक नमुना घेऊन किंवा चौथ्या महिन्यात गर्भजल घेऊन बाळाचा पॅटर्न कळू शकतो. यात गर्भपाताचा थोडा धोका असतो. गर्भलिंगनिदान बंदीचा १९९४ चा कायदा अशा रक्तविकारांच्या तपासणीला नोंदणीकृत केंद्रात, तुझ्या लेखी संमतीने, परवानगी देतो. लिंग मात्र कुणी सांगणार नाही आणि तुम्ही विचारायचंही नाही. निदानानंतर काय करायचं हे तुम्ही दोघांनी ठरवायचं, सासूने नाही, मीही नाही. काही जोडपी आयव्हीएफ करून आधीच गर्भ तपासून घेतात; ते महाग आहे. काही मूल दत्तक घेतात. आणि काही जण तपासणी न करता बाळ होऊ देतात, जन्मल्याबरोबर त्याचं रक्त तपासतात, लसी आणि पेनिसिलिन वेळेवर सुरू करतात, डॉक्टरांच्या सल्ल्याने सिकलसेलचा त्रास कमी करणारं हायड्रॉक्सियुरिया हे औषध देतात. या शेवटच्या वाटेलाही मी बेजबाबदार म्हणणार नाही. केंद्राचं सिकलसेल निर्मूलन अभियान १ जुलै २०२३ ला सुरू झालं, २०४७ हे त्याचं लक्ष्यवर्ष आहे, त्यामुळे तपासणीचा बोलबाला वाढलाय. पण निर्मूलन आजाराचं करायचंय, ज्यांना तो आहे त्या माणसांचं नव्हे. हे घरात मोठ्याने बोल, कारण भाऊ ऐकतोय.

त्याचा विचार कर जरा. १९ वर्षांचा पोरगा, शेजारच्या खोलीत, आणि बाहेर चर्चा ही की त्याच्यासारखं मूल होऊ नये म्हणून काय करायचं. तुम्ही कुणी वाईट हेतूने बोलत नाही, तो मात्र शब्दन् शब्द ऐकतो. त्याला या बैठकीत बोलवा. रक्त द्यायला जाताना तो सोबत आला तर उत्तम. सुई, रांग, कागदपत्रं यातलं त्याला तुम्हा सगळ्यांपेक्षा जास्त कळतं.

आणि त्याचाही हिशोब त्याला द्या, कारण मला खात्री आहे की त्याला तो कुणी दिलेला नाही. तो एसएस आहे, म्हणजे त्याच्याकडून प्रत्येक मुलाला एस जाणारच. जोडीदार एए असेल तर सगळी मुलं वाहक, एकही आजारी नाही. जोडीदार एएस असेल तर प्रत्येक वेळी निम्मी शक्यता. एसएस माणसाने लग्नच करू नये असं त्याच्या डोक्यात कुणी भरवलं असेल, तर ते काढून टाका. त्याने जोडीदाराची एचपीएलसी मागावी, इतकंच. तो हायड्रॉक्सियुरिया घेत असेल तर मुलाचा विचार करण्याआधी डॉक्टरांशी बोलायचं, कारण ते औषध सुरू असताना शुक्राणूंवर परिणाम होऊ शकतो. आणि २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात सिकलसेलचा समावेश आहे. त्याने दिव्यांग प्रमाणपत्र काढलं नसेल तर तपासणीच्या त्याच फेरीत अर्जाची चौकशी करून या. स्पर्धा परीक्षांचे फॉर्म तो येत्या काही वर्षांत भरणारच आहे.